तिसरीपासून हिशोब

विडी घरकुलच्या मागच्या ओळीत
माझ्या आणि मल्लेशम येमूलच्या अंगणामध्ये
शहाबादी फरश्या उभ्या होत्या,
गुडघ्यापर्यंत जमिनीत.
तेवीस.
तीन वर्षांत एकेक करून आडव्या झाल्या.
गल्ली म्हणायची, कंपौंडरच्या घराला कंपौंड नाही बे.
छत्तीस वर्षं मी दवाखान्यात पुड्या बांधल्या,
मला हसू यायला हवं होतं.

मग डुकरं येऊ लागली.
पाणी पाचव्या दिवशी येतं,
भरून ठेवलेल्या घंगाळात एकानं तोंड घातलं
तेव्हा मी आणि मल्लेशम पहिल्यांदाच
एका बाजूला उभे राहिलो, हातात खराटे घेऊन.

तो म्हणाला, चेरी सगं.
मी म्हणालो, निम्मंनिम्मं.
शरणप्पा गवंडी टेप सोडत म्हणाला, अर्ध अर्ध.
तीन अर्ध्यांचे दीड होतात
हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एक फरशी सहाशे चाळीस, रोवून, वाळू-सिमेंट धरून.
तेविसावीचे तीनशे वीस, तीनशे वीस
सहज झाले असते,
पण तोवर बोलणं फरशीवरून घसरलं होतं.
सावली कुणाच्या अंगणात पडते,
बकरी कुणाची होती,
मोरीचं पाणी कुणाच्या पायात मुरतं.
आठ दिवस आम्ही एकमेकांना
फक्त चपलांच्या आवाजावरून ओळखत होतो.
कालिंदी म्हणाली, माणसाला डोस मोजल्यासारखं मोजू नका.
मी म्हणालो, तू मध्ये पडू नकोस.

नवव्या दिवशी पोशक्का उंबऱ्यावर बसली होती,
मल्लेशमची आई,
मांडीवर सूप, ओल्या फडक्याखाली पानं,
हजारातली सातशेवी विडी वळत.
मान वर न करता म्हणाली:
पहिली तुमच्या तारेनं ओढली.
दुसरी आमच्या बकरीनं पाडली.
बाकीच्या आपल्या आपण पडल्या.
तिसरीपासून हिशोब करा.

तार.
फरशीच्या भोकातून मीच ओवली होती,
वर दोन ओल्या चादरी, सोलापुरीच,
म्हणजे दोन माणसांचं वजन.
फरशी गेली त्या रात्री
गुपचूप गुंडाळून माळ्यावर टाकली.
हिला कुठून दिसलं? हिला तर सुई ओवता येत नाही.
मल्लेशम अंगठ्यानं माती उकरत होता.
बकरी त्यानं त्याच आठवड्यात विकली होती.

एक माझी, एक त्याची.
उरल्या एकवीस.
पुन्हा विषम.

शरणप्पा खदखदून हसला. टेप ताणत गेला
आणि मध्येच थांबला:
हितं शेवगा हाय की. ह्यात कुठं रोवू फरशी?

तो कुणी लावला नव्हता.
सहावी पडली त्या खड्ड्यात
कुणाच्या तरी आमटीतली बी रुजली असेल.
आता पंधरा फूट,
शेंगा ज्याच्या काठीला लागतील त्याच्या.

दहा-दहा. वर एक-एक.
मी सात हजार चाळीस रोख दिले.
मल्लेशमनं चार शनिवार मागून घेतले,
नोटांना मागावरच्या सुताची लव.
तिसरा शनिवार चुकला. मी विचारलं नाही.
खोटं कशाला, विचारायला निघालो होतो,
कालिंदीनं दार लोटून घेतलं.

आता बावीस फरश्या आहेत आणि एक झाड.
डुकरं पुढच्या गल्लीत गेली,
तिथले लोक सध्या मोजमाप करतायत म्हणे.

तारेचं म्हणाल, तर ती मी माळ्यावरून काढली.
फरशीला नाही बांधली.
शेवग्याला बांधली.
सकाळी बघतो तर पलीकडूनही एक,
माझ्या गाठीच्या वर चार बोटं,
तिच्यावर पोशक्काचं लुगडं, अजून निथळणारं.

शेवगा ठिसूळ असतो,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.